वर्डमधल्या एसओपी विकीवर घेताना ७०° चे ७०० झाले, उपाय हवा

पाळी_दुसरी

नमस्कार मंडळी. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. रसशुद्धीपासून मळीच्या तपासणीपर्यंतच्या आमच्या सगळ्या एसओपी (काम कसं करायचं याच्या ठरलेल्या लेखी पद्धती) वर्डमध्ये आहेत, एकूण १४० फायली. काही २००४ च्या, काही गेल्या हंगामातल्या. त्या कारखान्याच्या सर्व्हरवर डोकूविकीत (ब्राउझरमध्ये उघडणारी, सगळ्यांना बघता येणारी पानं बनवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आत संपवायचंय, एकदा गाळप सुरू झालं की मान वर करायला वेळ मिळत नाही.

पहिल्या ३० फायली सरळ कॉपी-पेस्ट केल्या. दिसायला ठीक वाटल्या. गेल्या आठवड्यात नवा शिकाऊ मुलगा मोबाइल घेऊन आला, "ताई, रस ७०० सेल्सिअसला कसा न्यायचा?" बघते तर खरंच, 'सल्फिटेशनपूर्वी रस ७०० से. पर्यंत तापवावा' (सल्फिटेशन म्हणजे रसात सल्फर डायऑक्साइड वायू सोडून तो शुद्ध करणं). त्याखाली, 'सल्फिटेशननंतर १०२० से.'. मूळ फाईल उघडली तर तिथे ७० आणि १०२ बरोबर आहेत. टाइप करणाऱ्याने अंशाची खूण म्हणून शून्य घालून ते सुपरस्क्रिप्ट, म्हणजे बारीक करून वर उचललेलं, केलंय. पेस्ट करताना ते शून्य खाली उतरून आकड्याला चिकटलं.

७०० कुणी करणार नाही. पण त्याच पानावर 'नमुने ४० से. ला ठेवावेत' असंही आहे. मुळात ते ४ आहे, फ्रीजचं. हे मी स्वतः दोनदा वाचलं आणि मला खटकलं नाही. तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये.

आणखी दोन अडचणी. जुन्या फायली उघडल्या तर मराठी दिसतं, पण विकीवर टाकलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा. आणि कृतीच्या मध्ये फोटो आला की पुढचा क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो. 'कृती ७ प्रमाणे व्हॉल्व्ह बंद करा' असं लिहिलंय आणि पानावर कृती ७ च नाही. कुणी हे निस्तरलंय का?

विकीकर

ताई, आधी पेस्ट थांबवा. शून्याचं काम वर्डमध्येच करायचं. शोधा-बदला उघडा, शोधायच्या रकान्यात ० लिहा आणि त्याला फॉन्टमधून सुपरस्क्रिप्ट लावा. बदलीच्या रकान्यात खरी ° खूण घाला आणि तिचं सुपरस्क्रिप्ट काढून टाका. 'सगळे बदला' दाबू नका, एकेक बघत जा, नाहीतर १० चा दहावा घात असेल तिथलं शून्यही जाईल. हेच इंग्रजी शून्यासाठी आणि इंग्रजी ओ या अक्षरासाठी पुन्हा करा. एकाच फाईलमध्ये तिन्ही सापडतात.

सुपरस्क्रिप्ट जसंच्या तसं विकीवर नेलं तरी पानावर बरोबर दिसतं, पण म्हणून ते ठेवू नका. कुणीतरी ती ओळ कॉपी करून पाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार, आणि तिथे पुन्हा ७००.

क्रमांकांचं कारण वेगळं आहे. डोकूविकीत यादीतली एक कृती एका ओळीत बसावी लागते. मध्ये फोटोचा स्वतंत्र परिच्छेद आला की यादी तुटते. कृतीच्या ओळीतच दोन उलट्या तिरक्या रेघा, एक स्पेस आणि लगेच फोटो, असं लिहा. यादी सलग राहते.

फोटो एकेक सेव्ह करत बसू नका. डॉकएक्स फाईलची प्रत काढा, नावाच्या शेवटचं .docx बदलून .zip करा आणि उघडा. आत वर्ड फोल्डरमध्ये मीडिया फोल्डर आहे, सगळे फोटो तिथे एकत्र मिळतील. मात्र वर्डमध्ये फोटोवर काढलेले बाण त्या फोटोत नसतात. व्हॉल्व्हकडे बोट दाखवणारा बाण असेल तर ते पान पीडीएफ करून तेवढा भाग कापून घ्या.

जुळारी

जुन्या फायलींबद्दल मी सांगतो, वीस वर्षं डीटीपी केलंय. त्या फायलींत मराठी अक्षरं नाहीतच. साठवलेली आहेत इंग्रजीच्या जागेवरची चिन्हं, आणि सुरेख किंवा श्रीलिपीचा फॉन्ट त्या जागी देवनागरीचे आकार काढतो. फॉन्ट गेला की खालचं उघडं पडतं. हा मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंचात) बदलणारा कन्व्हर्टर लागेलच, आणि फॉन्टप्रमाणे वेगळा लागेल.

एक चूक सगळेच करतात. पूर्ण फाईल कन्व्हर्टरमध्ये ओततात. तुमच्या फाईलमध्ये ब्रिक्स (रसातले विरघळलेले घन पदार्थ), पोल (त्यातली साखर), पीएच हे शब्द खऱ्या इंग्रजीत असणार. त्यांचंही 'मराठी' होऊन बसेल. म्हणून वर्डमध्ये मराठी फॉन्टमधलाच मजकूर निवडा ('सारखं फॉरमॅटिंग असलेला सगळा मजकूर निवडा' ही सोय आहे) आणि तेवढाच बदला. नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. कन्व्हर्टर चुकतो तो तिथेच, त्यातही जोडाक्षरावर. 'स्थिती' आणि 'ऊर्ध्वपातन' हे दोन शब्द शोधून बघा, लगेच कळेल.

पाळी_दुसरी

दोघांचेही मनापासून आभार. काल बसून आधीच टाकलेली ३० पानं पुन्हा उघडली. ज्या आकड्यापुढे 'से.' आहे आणि जो शून्यावर संपतो, तो प्रत्येक मूळ फाईलशी ताडला. ११ ठिकाणी चूक निघाली. फ्रीजचे ४० धरून तीन अशा होत्या की वाचणाऱ्याला संशयही आला नसता. ती पानं दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवली आहेत आणि भिंतीवर जुने छापील कागद परत लावलेत.

आता एक नवीनच. 'दुसऱ्या' शब्द शोधला तर दुसऱ्या मिलच्या रसाची नोंद सापडत नाही, पण पानावर तो शब्द मला समोर दिसतोय!

जुळारी

तो ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याचा पाय मोडलेला. दुसऱ्यात साधा र, त्याचा पाय मोडलेला, आणि पुढे न दिसणारा जोडक. दिसायला एकच, संगणकाला वेगळे. ॲसिडच्या ॲ चंही तेच. आता एक अक्षर म्हणून मिळतो, पण २००८ पर्यंत युनिकोडमध्ये तो नव्हता, म्हणून त्या काळातले लोक अ वर चंद्र देत. विकीवर चढवायच्या आधी सगळ्या फायलींत दोन्ही एकाच तऱ्हेचे करून घ्या. कर्मचाऱ्यांनी, चौथऱ्यावर, बिघाड झाल्यास बाहेरच्या दाराकडे जाणाऱ्या... सुरक्षेच्या पानांत हे अक्षर फार येतं, त्या फायली आधी घ्या.

पाळी_दुसरी

सुरक्षेच्या ९ फायली आहेत. आज रात्रपाळीत त्यांच्यापासूनच सुरू करते.