बाक्कानो: नायक कोण, हा प्रश्न मालिकेलाही पडलाय

'दोन भाग झाले तरी नायक कोण ते कळेना, तारखा १९३०, ३१, ३२ अशा उड्या मारतात' ही 'बाक्कानो' या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेबद्दलची एका प्रेक्षकाची तक्रार रास्त आहे, पण त्यावरून दिग्दर्शकाला गोंधळलेला ठरवणं पटलं नाही. पहिल्याच भागात वृत्तपत्राच्या कचेरीत बसून तिथला उपाध्यक्ष आणि त्याची छोटी मदतनीस कॅरोल नेमका हाच वाद घालतात: गोष्ट कुठून सुरू करायची, मुख्य पात्र कुणाला मानायचं? म्हणजे गोंधळ ठरवून घातलाय.

र्योगो नारिताच्या मूळ कादंबऱ्यांत असली उलथापालथ नाही. पहिलं पुस्तक १९३० चं, दुसरं-तिसरं १९३१ मधल्या एका रेल्वेप्रवासाचं (एकच प्रवास, दोन बाजूंनी), चौथं १९३२ चं. २००७ च्या मालिकेत दिग्दर्शक ताकाहिरो ओमोरीने ही चारही पुस्तकं एकत्र पिसली. त्यामुळे रक्तबंबाळ माणूस आधी दिसतो आणि तो तसा का झाला हे चार भागांनी कळतं. मला हे आवडलं. ज्यांना सरळ गोष्ट हवी त्यांचा जीव मेटाकुटीला येणार हेही खरं.

तारखा लिहून ठेवायच्या भानगडीत पडू नका. आयझॅक आणि मिरिया या येड्या चोरजोडीवर लक्ष ठेवा, तिन्ही वर्षांत ते हजर असतात. आत कुणी जाऊच नये म्हणून संग्रहालयाचा दरवाजा चोरणारी माणसं ती! आणि टीव्हीवरच्या १३ भागांवर थांबू नका, आणखी ३ भाग नंतर डीव्हीडीवर आले होते.