आईच्या गुडघ्यातली काळी रेघ: सांधा सरकतोय का?

प्रश्न (सातारा): आईच्या (वय 68) उजव्या गुडघ्याची वाटी बदलून 14 महिने झाले. परवाच्या एक्स-रेत खालच्या हाडावर बसवलेल्या धातूच्या प्लेटीखाली केसाएवढी काळी रेघ दिसली, जणू प्लेट आणि हाडात फट. गेल्या वर्षीच्या फिल्मवर ती नाही. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. मी दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला लावून पट्टीने मोजत बसले. दुखत नाही म्हणते, पण आईचं 'दुखत नाही' मला चांगलं ठाऊक आहे. स्वीडनमधल्या मावसबहिणीच्या सासऱ्यांच्या हाडात ऑपरेशनच्या वेळीच बारीक मणी घातलेत, त्यावरून सांधा हलला का ते मोजतात. आईचं तसं करता येईल का?

उत्तर 1: ताई, मी 21 वर्षं एक्स-रे काढतोय. पट्टी बाजूला ठेवा. जुनी फिल्म नीट बघा: प्लेट कडेने, सरळ पट्टीसारखी दिसते की लंबगोल? लंबगोल असेल तर किरण तिरके गेलेत, आणि रेघ तेव्हाही असून प्लेटीच्या सावलीत झाकली गेली असेल. प्लेट मागे थोडी उतरती बसवतात, म्हणून किरण सोडणारी ट्यूबही तेवढीच कलती करावी लागते. गर्दीत हे राहून जातं, आणि घरचे मात्र महिनोन्‌महिने घोर लावून घेतात.

ते मणी टँटलमचे, जेमतेम 1 मिलिमीटरचे. दोन ट्यूबनी एकाच क्षणी दोन बाजूंनी फोटो घेतात, आणि मण्यांपासून सांधा किती हलला ते मिलिमीटरच्या अंशात कळतं. स्वीडनमधल्या लुंडच्या योरान सेल्विक यांनी 1974 मध्ये प्रबंधात ही पद्धत मांडली. पहिल्या वर्षी सांधा थोडा बसतोच. दुसऱ्या वर्षीही 0.2 मिलिमीटरहून जास्त सरकला, तर पुढे सैल पडण्याचा धोका. पण ही पद्धत मुख्यतः संशोधनातली, आणि मणी ऑपरेशनच्या वेळीच घालतात. आईंच्या बाबतीत ती वेळ गेली. पुढच्या वेळी जुन्या फिल्म सोबत न्या आणि सांगा, 'उभं राहून, प्लेट कडेने दिसेल असा काढा.' तरच तुलना खरी.

उत्तर 2: माझ्या वडिलांचा सांधा सैल झाला होता. बसून उठल्यावर पहिली काही पावलं दुखायची, मग चालता चालता कमी व्हायचं. आईंना नेमकं तेवढंच विचारा.

प्रश्नकर्ती: दादा, जुन्या फिल्मवर प्लेट लंबगोलच आहे. जीव जरा भांड्यात पडला होता. मग आईला पहिल्या पावलांचं विचारलं. म्हणाली, "तेवढं होतंच गं." कधीपासून? "गणपतीपासून." सहा महिने थांबत नाही, सोमवारीच नेतेय.