मदत हवी आहे: चित्रपुस्तकाची गोष्ट चित्रांशिवाय पाठवू का?

दादरला राहते. साडेचार वर्षांच्या लेकीसाठी लिहिलेली गोष्ट (गच्चीवरच्या टाकीत चंद्र सापडतो) 900 शब्दांवरून 350 वर आणलीय. कागद दुमडून, स्टेपल मारून 32 पानांची डमीही (पुस्तकाचा कच्चा नमुना) केली. 13 जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) भरली. नवव्या जोडपानाला लेक दरवेळी उठून पाणी प्यायला जायची. चित्रात दिसणारच ते मी शब्दांतही सांगत बसले होते! ते कापल्यावर बसते आता.

अडलंय पुढे. मला चित्रं येत नाहीत. दोन प्रकाशकांना नुसता मजकूर पाठवला: एकाचं उत्तर नाही, दुसरे म्हणाले, चित्रांसह पाठवा. चित्रकार मैत्रीण तयार आहे, पण फुकटात 32 पानं काढून घेणं मला पटत नाही. पदरचे पैसे घालून छापायचं नाहीये. स्टोरीवीव्हर (प्रथम बुक्सचं मुलांच्या मोफत गोष्टींचं संकेतस्थळ) माहीत आहे, पण तिथल्या सीसी बाय 4.0 परवान्यात श्रेय देऊन कोणीही गोष्ट बदलू, विकू शकतं; तो पर्याय शेवटचा.

मराठीत चित्रपुस्तक आलेल्यांनी सांगा: दोनतीन जोडपानांची नमुनाचित्रं पुरतात का, आणि प्रकाशकाने चित्रकार बदलायचा म्हटलं तर मैत्रिणीच्या त्या कामाचे पैसे कोण देतं?