वाढत्या अंगाचं: लेकीसाठी घरी शिवलेले कपडे

महाद्वार रोडला एवढे तयार फ्रॉक टांगलेले असताना मशीनवर डोळे कशाला फोडतेस, हे मी घरी कायम ऐकते. माझं उत्तर ठरलेलं आहे: विकतच्या फ्रॉकात वाढवायला कापडच ठेवलेलं नसतं. चार ते आठ वयात मुली वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंच होतात. दिवाळीला घेतलेला फ्रॉक पुढच्या गणपतीला वर चढलेला दिसतो. घरी शिवताना खाली तीन इंच दुमड आणि दोन्ही बगलांत इंच-इंच कापड ठेवलं की पुढच्या वर्षाची सोय होते. कोल्हापूर आणि आसपासच्या आया, बाबा, आज्या, सगळ्यांनी लिहा. कापड कुठलं, माप कसं धरलंत आणि मुख्य म्हणजे पोरीनं ते घातलं का. फ्रॉक बाहेरून कसा दिसतो ते सगळेच सांगतात, आतली शिवण कशी घातली ते सांगा.

शिवाजी पेठ
माझे सासरे शाहू मिलमध्ये होते. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेली मिल ती. भोंग्यावर घरातलं घड्याळ चालायचं. झबली, कुंच्या, परकर सगळं घरात शिवायची रीत तेव्हापासूनची. आता नातीला शिवते. नवरात्रात तिला कुमारिका म्हणून बोलावतात, म्हणून खणाचं परकर-पोलकं काढलं. गुळेदगुड्डचा खण असतो, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी लहान. कापड आडवं घ्यायचं, काठ खाली आणि पन्हा हीच परकराची लांबी. वर जे जादा राहील त्याला कात्री लावायची नाही. नेफ्याखाली आतल्या बाजूनं आडवे टक, म्हणजे दुमडून टीप मारलेल्या घड्या, घालायचे आणि मूल वाढेल तसा एकेक सोडायचा. पोलक्याला मात्र अस्तर हवंच, खण आतून टोचतो. मी ह्यांचं जुनं धुऊन मऊ झालेलं धोतर वापरते, बाजारच्या अस्तराला ती सर नाही. ललित पंचमीला पोरगी हटूनच बसली, "आजी, मी हेच घालून टेंबलाईच्या देवळाला जातो!" गर्दीत घामाघूम झाली, पण अंगातून काढायला तयार नव्हती.

शिवाजी उद्यमनगर
मी बाबा आहे, लेथवर काम करतो. बायकोची मशीन, गणित माझं. मुलीला गिरकी घेतल्यावर गोल फुलणारा स्कर्ट पाहिजे होता. कंबर २० इंच. त्याला ६.२८ नं (पायची दुप्पट) भागलं की त्रिज्या ३.२ इंच येते. शिवणीत पाव इंच जातं, म्हणून तीन इंचांवर कापायचं. ३६ इंची पन्ह्याच्या कापडाची चौघडी घालायची, घडीच्या कोपऱ्यापासून तीन इंचांवर आतला कंस आणि अठरा इंचांवर बाहेरचा. म्हणजे पंधरा इंची स्कर्ट एक मीटरमध्ये बसला. एक गोष्ट कुणी सांगत नाही: कापून झाल्यावर कंबरेला पट्टी लावून तो रात्रभर टांगून ठेवायचा. उरेबात, म्हणजे तिरकं, आलेलं कापड खाली लोंबतं. सकाळी कड सारखी छाटायची, मगच दुमडायची.

शिवाजी पेठ
दादा, गणित झकास, पण त्या गोलाला तीन इंचांची दुमड घालून दाखवा. बाहेरची कड आतल्यापेक्षा मोठी, चुण्या पडणार. वाढत्या अंगाला चुण्यांचा सरळ घेरच बरा.

शिवाजी उद्यमनगर
मान्य, काकू. गोल स्कर्टला पाव इंचाच्या वर दुमड बसत नाही. तो एका वर्षाचाच. पण गिरकी घेताना पोरीचं तोंड बघा एकदा.

इचलकरंजी
आमचे घरचेच माग आहेत, म्हणून कापडाविषयी लिहिते. फ्रॉकला केंब्रिक किंवा पॉपलिन, तान्ह्या बाळाला मलमल. दुकानात कापड कडक लागलं म्हणून दणकट समजू नका. कोपरा दोन बोटांत जोरात चोळा. पांढरी पूड झडली की समजायचं, ती खळ आहे. पहिल्या धुण्यात ती निघून जाते आणि हातात जाळी उरते. सुती कापड कापायच्या आधी रात्रभर भिजवून वाळवायचंच. अस्तर टेरिकॉटचं आणि वरचं सुती न भिजवलेलं असेल तर धुतल्यावर वरचं आटतं, आतलं तसंच राहतं आणि अस्तर खालून डोकावतं.

कसबा बावडा
आमच्या बाईसाहेबांची अट एकच, खिसा. दोन्हीकडं, आणि खोल. मुलांच्या चड्डीला चार खिसे आणि मुलींच्या फ्रॉकला एकही नाही, हे कुणी ठरवलं कोण जाणे. बाजूच्या शिवणीतच खिशाची पिशवी जोडते. धुवायला टाकताना त्यातून चिंचोके निघतात.

राजारामपुरी
माझी मुलगी आतल्या शिवणीनं रडायची. ओव्हरलॉकचा दोरा काखेत घासतो. शेजारच्या टेलरकडं गेले तर ते म्हणाले, लहानाचं शिवायला वेळ तेवढाच जातो आणि शिलाई कुणी देत नाही. त्यांचंही बरोबर आहे. मग घरीच सुरू केलं. आधी कापडाची सुलट बाजू बाहेर ठेवून बारीक टीप मारायची, कडा अगदी जवळून छाटायच्या, कापड उलटवायचं आणि परत टीप मारायची. सगळे धागे आत बंद होतात. मुंढ्याला, म्हणजे बाहीच्या गोलाला, उरेब पट्टी लावते, वळणावर कात्रीच्या टोकानं बारीक चिरा देते, म्हणजे पट्टी ताठ उभी राहत नाही. एक विचारायचं होतं, दुमड उसवून फ्रॉक लांब केला की जुन्या दुमडीची रेघ दिसते, तिचं काय करता?

इचलकरंजी
ती जात नाही, ताई. तिच्यावर नागमोडी लेस लावायची. लोक मुद्दाम लावलीय समजतात.

कागल
होजिअरीचं, म्हणजे बनियनसारखं ताणणारं विणीचं, कापड आणलंय, मशीन सारखा टाका सोडतंय. सुई १४ नंबरची आहे.

शिवाजी उद्यमनगर
सुई बदला. बॉलपॉइंट सुई मागा, ११ नंबर. साध्या सुईचं टोक विणीतला धागा फोडतं, हिचं गोल टोक दोन धाग्यांमधून जातं. आणि शिवताना मागून कापड ओढू नका.