परड्यातला आड बुजवायचा की ठेवायचा? नवीन घराच्या प्लॅनवर सल्ला पाहिजे

वेदगंगाकाठ
जय जिनेंद्र. निपाणी तालुक्यात गाव आमचं, घर जैन. जुनं कौलारू घर पाडून त्याच जाग्यावर नवीन बांधायचं ठरलंय, जागा ३० बाय ६०. घरात आज्जी (वय ८२), आण्णा, आई, मी, बायको, दोन पोरं आणि आता धाकटा भाऊ आणि त्याची बायको बेंगळुरूवरनं वर्क फ्रॉम होम घेऊन कायमचे परत येताहेत, म्हणजे नऊ माणसं. आर्किटेक्टनं थ्रीडी करून दिलंय, दिसायला भारी आहे, ओपन किचन, पुढं लॉन, आणि मागं परड्यात आड आहे तो बुजवून तिथं सेप्टिक टँक.

आज्जीनं मोबाईलवर सगळं बघितलं, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागं गेलो तर आडाच्या कठड्यावर बसलेली, मांडीवर पाणी गाळायचं कापड, त्याची घडी घालत्या परत मोडत्या. एवढंच विचारलं, "महाराज आले तर आहार कुठल्या पाण्यानं करायचा रे?" म्हणजे आमचे दिगंबर मुनी जेवायला आले तर. मला उत्तर आलं नाही.

दुसरं म्हणजे भावाकडं कांदा-लसूण चालतो, त्यांना वर वेगळं किचन पाहिजे. आण्णा म्हणतात वर किचन केलं की गाव म्हणणार पाटलांच्यात चूल वेगळी झाली. काय करावं?

शेडबाळची_सून
दादा आड बुजवू नका, हे आधी सांगते. बोअरच्या पाण्याचं गाळणं करता येतं पण जिवाणी, म्हणजे गाळताना कापडावर राहिलेले बारीक जीव, परत कुठं सोडणार? ज्या पाण्यातनं जीव काढले त्याच पाण्यात, कडीच्या बादलीनं खाली पाण्यापर्यंत नेऊन हळू सोडायचे असतात, वरनं फेकायचे नसतात, आणि ते आडातच जमतं. नुसतं गाळलेलं पाणी ४८ मिनिटं चालतं, उकळलेलं २४ तास, म्हणून आहाराच्या दिवशी पहाटेपासनं आडावर ये-जा असते. आड आणि चौका (महाराजांचा आहार होतो ते सोवळ्यातलं स्वयंपाकघर) यांच्यात दार एकच ठेवा.

आपला भागच असा आहे, भोज शांतिसागर महाराजांचं, सदलगा विद्यासागर महाराजांचं, आमचं शेडबाळ विद्यानंद महाराजांचं, मुनींचे संघ जाता-येता असतातच. आमच्या नवीन घरात आम्ही चूक केली ती सांगते. चौका मधोमध घेतला, म्हणजे आंघोळ करून सोवळं नेसलं की हॉलमधनं, सोफ्याजवळनं, पोरांना चुकवत जायचं, एखाद्याचा हात लागला की परत आंघोळ. सासूबाईंना एका सकाळी तीनदा करावी लागली, थंडीचे दिवस होते. तुम्ही मागच्या बाजूला आड, त्याला लागून एक न्हाणी, त्याला लागून चौका अशी ओळ करा, पूर्वेची खिडकी मोठी घ्या. महाराज उभे राहून हातातच आहार घेतात आणि देणारे आम्ही पाच-सहा जण भोवती असतो, त्यामुळं ओटा सोडून १० बाय १० तरी मोकळं पाहिजे.

फरशी फिक्या रंगाची घ्या. आम्ही फॅशन म्हणून काळा ग्रॅनाईट घातला आणि मुंगी दिसेना, खाली केस पडलेला दिसेना. आहारात केस निघाला की अंतराय, महाराज तसेच जातात, पुढचा आहार दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी घरात कुणाला जेवण गेलं नाही.

आणि लॉन अजिबात नको. हिरवळीवरनं महाराज चालत नाहीत, मग पडगाहन, म्हणजे त्यांना दारात आदरानं आहाराला बोलावणं, करणार कुठं? गेटपासनं दारापर्यंत साधी शहाबादी घाला, दारात तीन प्रदक्षिणा घालता येतील एवढा कट्टा सोडा, गाडी तिथं लावू नका.

गवंडीकाम_चिकोडी
आडाशेजारी सेप्टिक टँक हे प्लॅनमध्ये आलंच कसं? बुजवलेल्या आडावर तर टाकी खचणार. पुढं गेटकडं न्या, आडापासनं जितकी लांब जाईल तितकी. माती काळी असेल तर पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, मुरूम लागेपर्यंत खोदा, पैसे तिथं वाचवू नका. २०१९ ला पाणी कुठवर आलेलं?

वेदगंगाकाठ
गल्लीच्या तोंडापर्यंत. २०२१ ला पण तिथंच.

गवंडीकाम_चिकोडी
मग जोतं तीन फूट आणि आडाचा कठडा त्याच्याहून वर, पुराचं पाणी आत गेलं तर आड उपसायला लागतो. पण आज्जींसाठी रॅम्प लागणार, एक फुटाला बारा फूट धरा, म्हणजे छत्तीस फूट. पुढं बसणार नाही, बाजूच्या बोळातनं मधे एक सपाट टप्पा देऊन मागं चौक्याच्या दारापर्यंत घ्या, आज्जी आडाकडं पण त्यावरनंच जातील. त्यांची खोली खालीच, संडासाचं दार तीन फुटी, बाहेर उघडणारं, उंबरा नको.

बेळगाव_ते_बेंगळुरू
मी तुमच्या भावाच्या जागी होतो म्हणून लिहितोय. आम्ही वर किचन केलं पण जेवायचं टेबल खालीच ठेवलं, वर मुद्दाम नाही. संध्याकाळचं जेवण सगळ्यांचं खाली, आईच्या हातचं, दिवस मावळायच्या आत. डिसेंबरात सहाच्या सुमाराला मावळतो म्हणून मी साडेपाच ते सहा कॅलेंडरच ब्लॉक केलंय, ऑफिसनं काही म्हटलं नाही. वर रात्री पोरांचं दूध, कधी आमचा साधा कांदा-टोमॅटो, ऑम्लेट वगैरे नाही. आईला माहीत आहे, ती वर येत नाही, मी ती भांडी खाली नेत नाही. चार वर्षं झाली. आण्णांना सांगा, चूल वेगळी म्हणजे पंगत वेगळी, ती तुम्ही मोडू नका. खालची जेवायची खिडकी तेवढी पश्चिमेला घ्या, म्हणजे शेवटपर्यंत उजेड राहतो.

वेदगंगाकाठ
सगळ्यांचे आभार. काल आण्णांना हे वाचून दाखवलं, पंगतीचं वाक्य दोनदा वाचायला लावलं त्यांनी. भाऊ म्हणतोय साडेपाचला तो पण लॅपटॉप बंद करणार. आर्किटेक्टला लॉन आणि टाकी दोन्ही काढायला सांगितलंय, नवीन प्लॅन सोमवारी येतोय. आज्जीनं विचारलं, जुना रहाट राहणार का. राहणार म्हटलं. मग म्हणाली, दोरी बदलून आण, कुजल्या.