ट्रान्सफॉर्मर्स: जी-वन, बे-पिक्चरवाले आणि ॲनिमेटेड एकाच शेल्फवर ठेवता का तुम्ही?

कॅमेरो_कोथरूड:
मंडळी सल्ला हवाय. माझ्याकडे तीन वेगवेगळ्या तऱ्हेचे ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे गाडीचे रोबो होणारी खेळणी, जमलेत. एक, अर्थराइझ लाइनचा ऑप्टिमस (रोबोंचा म्होरक्या) आणि सीज लाइनचे साइडस्वाइप, हाउंड वगैरे, म्हणजे ८४ च्या पहिल्या कार्टूनच्या, जी-वनच्या वळणाचे, चौकोनी आणि सपाट रंगांचे. दोन, स्टुडिओ सिरीज लाइनचे मायकेल बेच्या पिक्चरमधले, ज्यांच्या अंगावर पत्र्याचे इतके तुकडे असतात की नजर कुठे ठेवावी तेच कळत नाही. आणि तीन, 'ॲनिमेटेड' नावाच्या कार्टूनचे २००८ चे, बल्कहेड आणि बंबलबी, मोठी हनुवटी बारीक पाय. सगळे एकाच काचेच्या कपाटात ठेवलेत आणि पार खिचडी दिसतेय. सगळ्यात जास्त खटकतं ते दोन ऑप्टिमस शेजारी शेजारी उभे असतात तेव्हा, अर्थराइझवाल्याच्या छातीवर दोन स्वच्छ खिडक्या नि तोंडावर गुळगुळीत मास्क, आणि स्टुडिओ सिरीजच्या ०५ नंबरवाल्याच्या निळ्या अंगावर लाल ज्वाळा आणि चेहरासुद्धा पात्यापात्यांचा. मित्र म्हणतो एकच स्टाइल धर, बाकीच्या विकून टाक. मन होत नाही विकायचं, तिन्हीतले मनापासून आवडतात. तुम्ही लोक काय करता?

डायाक्लोन_काका:
अजिबात विकू नकोस बाळा. हे एक स्टाइल, एक स्टाइल जे लोक म्हणतात ना, त्यांना मला नेहमी एकच सांगायचं असतं की १९८४-८५ ची मूळ खेळणी शेजारी शेजारी ठेवून बघा. ट्रान्सफॉर्मर्स काढणाऱ्या हॅस्ब्रो कंपनीनं ती काही नव्यानं डिझाइन केली नव्हती, जपानच्या टाकारा कंपनीच्या दोन वेगळ्या लाइनमधून उचलली होती. ऑप्टिमस, प्रोल, साइडस्वाइप हे डायाक्लोनचे, तिथे हे रोबो म्हणजे माणसानं आत बसून चालवायची यंत्रं, गाड्यांमध्ये इंचभर उंचीच्या ड्रायव्हरला बसायला जागा असायची. आणि साउंडवेव्ह, मेगाट्रॉन, बंबलबी हे मायक्रो चेंजचे, त्या लाइनची कल्पनाच अशी की हे रोबो खरोखर छोटे आहेत आणि घरातल्या वस्तूंमध्ये लपतात, म्हणून साउंडवेव्ह खऱ्या मापाचा कॅसेट प्लेअर, मेगाट्रॉन खऱ्या मापाचं वॉल्थर पिस्तूल, आणि बंबलबी म्हणजे छोटीशी खेळण्यातलीच फोक्सवॅगन. आता सांग, या दोघांचं स्केल कसं जुळणार?

आणि इथे थांबलं नाही. ८५ ला माल कमी पडला तेव्हा बाहेरच्या कंपन्यांचे साचे आले. जेटफायर हा टाकाटोकू कंपनीनं केलेला मॅक्रॉसचा वाल्कायरी, म्हणजे दुसऱ्याच कार्टूनचं विमान! शॉकवेव्ह टॉयको नावाच्या कंपनीचा, ओमेगा सुप्रीम टॉयबॉक्स कंपनीचा. जेटफायरचे साचे पुढे बँडाईकडे, म्हणजे टाकाराच्या प्रतिस्पर्ध्याकडे गेले, आणि म्हणूनच कार्टूनमध्ये त्याचं रूपही बदललं नि नावही स्कायफायर झालं. जेटफायरची खेळण्यातली नाजूक, खऱ्या लढाऊ विमानासारखी रेषा आणि ओमेगा सुप्रीमचे गोल गोल ठोकळे यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण पोरांनी एका पेटीत भरले आणि कुणाला काही खटकलं नाही.

मग आपल्या डोक्यात जी एकसारखी जी-वन स्टाइल बसलीय ती आली कुठून, तर कार्टूनमधून. फ्लोरो डेरी या चित्रकारानं ॲनिमेशनसाठी ते सोपे करून एका वळणाचे काढले, अनेकांना चेहरे दिले, रंग सपाट केले. म्हणजे एकसारखेपणा खेळण्यांत नव्हताच, तो नंतर चित्रकारानं आणला. तुझ्या कपाटात तेच काम तुला करायचंय, एवढंच.

मास्टरपीस_ठाणे:
काकांचा इतिहास एकदम बरोबर, पण मी तरी एकच स्टाइल ठेवतो आणि त्याचं कारण सांगतो. दोन ऑप्टिमस एका फळीवर असले की बघणाऱ्याला एक पात्र दिसत नाही, दोन खेळणी दिसतात. मला शेल्फकडे बघून ऑटोबॉट्सची, म्हणजे ऑप्टिमसच्या बाजूच्या रोबोंची, टीम दिसायला हवी. म्हणून माझ्याकडे फक्त मास्टरपीस लाइनचे, आणि त्यातही एमपी-१० या ऑप्टिमसच्या (२०११) मापाला जुळणाऱ्याच गाड्या. २००३ चा ऑप्टिमस, एमपी-०१, कितीही देखणा असला तरी तो त्यांच्यात फार मोठा होतो म्हणून नाही ठेवला. विकायचं नसेल तर निदान पिक्चरवाल्यांना वेगळी फळी दे.

निळी_आर्सी:
मला वाटतं प्रश्न स्टाइलचा कमी आणि मधल्या पायऱ्या नसण्याचा जास्त आहे. तुझ्याकडे तीन टोकं आहेत आणि मध्ये कुणीच नाही, म्हणून उडी मोठी वाटते.

२०१८ च्या बंबलबी पिक्चरमधले घे ना एक-दोन. त्या पिक्चरमध्ये रोबोंचं रूप परत ८४ च्या जवळ नेलंय, ऑप्टिमस परत चपट्या नाकाचा ट्रक, छातीवर परत खिडक्या, पण अंगावर पिक्चरसारखं बारीक यंत्रकामही आहे. स्टुडिओ सिरीजमध्ये तो ३८ नंबरचा. मी तो अर्थराइझवाला आणि बेवाला यांच्या मध्ये उभा केलाय आणि खरंच सांगते, डावीकडून उजवीकडे बघत गेलं की एकच माणूस बदलत गेल्यासारखा वाटतो, खटका बसतच नाही.

ॲनिमेटेडसाठी तीच गोष्ट लेगसी लाइनची. २०२२ ला सुरू झालेली ती लाइनच मुळी याच कामासाठी होती, वेगवेगळ्या सिरीजमधली पात्रं घेऊन जी-वनच्या अंगकाठीत बसवायची. ट्रान्सफॉर्मर्स प्राइम या कार्टूनचे बल्कहेड, आर्सी, नॉकआउट त्यात आलेत. प्राइमचा बल्कहेड आणि तुझा ॲनिमेटेड बल्कहेड शेजारी ठेव, दोघंही हिरवे, दोघंही गोलमटोल, पण लेगसीवाल्याचे सांधे आणि प्लास्टिक सीजवाल्यांच्या जातीचे. तिथे दुवा जुळतो.

दुसरं म्हणजे रंगाचा पोत, आणि याकडे कुणी लक्षच देत नाही. सीजच्या फिगरवर लढाईच्या खुणा म्हणून चंदेरी रंगाचे फराटे मारलेत, हाउंडकडे जवळून बघ, दिसतील. अर्थराइझवर ते नाहीत. म्हणजे तुझे जे "एकाच स्टाइलचे" आहेत ते पण एकसारखे नाहीयेत! मग त्याच चंदेरी फराट्यांचा फायदा घे, सीजवाल्यांना पिक्चरवाल्यांच्या बाजूला सरकव, कारण त्यांच्या अंगावर पण धातूची चमक आहे, आणि स्वच्छ अर्थराइझवाला ॲनिमेटेडच्या बाजूला. सिरीजप्रमाणे लावण्याऐवजी चमकीप्रमाणे लाव, अर्धी खिचडी तिथेच मिटेल.

कॅमेरो_कोथरूड:
ताई हे चमकीचं डोक्यात आलंच नव्हतं, आत्ता कपाट उघडून हाउंड हातात घेतला, खरंच फराटे आहेत आणि स्टुडिओ सिरीजच्या आयर्नहाइडशेजारी ठेवला तर दोघं एकाच लढाईतून आल्यासारखे दिसतायत. उंचीचं काय करू पण? ॲनिमेटेड बल्कहेड लीडर मापाचा, म्हणजे मोठा, आहे नि अंगानं इतका रुंद आहे की शेजारचे डिलक्स, म्हणजे छोट्या मापाचे, झाकले जातात.

डायाक्लोन_काका:
त्याला मागे घे आणि पायाखाली ॲक्रिलिकची पायरी दे. उंची जुळवताना डोक्याचा शेंडा बघू नकोस, डोळ्यांची ओळ बघ. बेवाल्यांच्या खांद्यामागे आणि डोक्यावर खूप काही वर आलेलं असतं त्यामुळे शेंडा मोजलास तर फसशील. आणि लाइट वरून-मागून लाव, ज्यांच्या डोक्याच्या मागे पारदर्शक प्लास्टिक असतं त्यांचे डोळे आपोआप पेटतात, मग स्टाइल कुठलीही असो सगळे जिवंत वाटतात. फक्त खिडकीचं ऊन थेट येऊ देऊ नकोस, पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं.

मास्टरपीस_ठाणे:
पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या पण टाका, आमच्याकडे खाडीची हवा असल्यानं स्क्रू गंजतात.

कॅमेरो_कोथरूड:
३८ नंबरवाला इथे कुठे मिळत नाहीये, बाहेरून मागवू का?

निळी_आर्सी:
बाहेरून मागवायच्या आधी हिशोब कर. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ मध्ये ७०, त्यावर कुरिअरचा खर्च वेगळा. एका फिगरसाठी एवढं करू नकोस. आपल्यातलेच कितीतरी जण कपाट आवरताना काढतात, इथेच विचारून ठेव. मिळेपर्यंत दोन ऑप्टिमसच्या मध्ये काहीतरी उंच नि तटस्थ उभं कर. अर्थराइझच्या ऑप्टिमसचा ट्रेलर उघडून बेस होतो ना, तोच उघडून मध्ये ठेव, दोघांच्यात अंतरही पडेल आणि दोघांचा म्हणून शोभेल.

कॅमेरो_कोथरूड:
ट्रेलर उघडून ठेवला. मस्त दिसतंय! बंबलबीला वरच्या रॅम्पवर उभा केलाय, त्याची ती हनुवटी तिथे एकदम शोभतेय. कुणी ३८ काढणार असेल तर मला आधी सांगा, पुण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन.