अ‍ॅनिमेच्या (जपानी अ‍ॅनिमेशनच्या) वेडानं तुम्हाला काय करायला लावलं?

१९९३ मध्ये दूरदर्शनवर मोगली लागायचा तेव्हा आमची अख्खी चाळ एका टीव्हीपुढे बसायची. ती मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशननं १९८९ मध्ये जपानी मुलांसाठी केली होती, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी जणांचं अ‍ॅनिमे शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज मिळाला तिथूनच सुरू झालं. पुढे २००४ मध्ये अ‍ॅनिमॅक्स वाहिनी आली, आता तर नवे चित्रपट थेट थिएटरात लागतात.

आवडती मालिका कोणती, हे सगळेच विचारतात. मला वेगळं ऐकायचंय. बघून झाल्यावर तुम्ही काय केलंत? काही शिवलंत, काढलंत, शिकलात, कुठे गेलात? मी स्वतः त्या पायी चित्रकलेच्या वर्गाला जायला लागले. सविस्तर लिहा.

डोंबिवली

माझं कॉसप्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करणं. पहिली केली ती ‘अटॅक ऑन टायटन’मधली मिकासा. बघताना तो गणवेश सोपा वाटतो: आखूड तपकिरी जॅकेट, पांढरी पँट, लाल मफलर. खरी परीक्षा पट्ट्यांची. छातीवरून, पाठीवरून, मांड्यांवरून पार पावलांपर्यंत जाणारे पट्टे, आणि बसता-उठता एकही सरकता कामा नये. चामडं परवडणारं नव्हतं. पर्सच्या चेन बदलून देणाऱ्या काकांकडून रेक्झिनच्या पट्ट्या कापून आणल्या, आईनं मशीनला जाड सुई लावून दिली, आणि जिथे ताण येतो तिथे पट्टा पँटलाच टाचून टाकला.

तिच्या कमरेला पात्यांच्या पेट्या असतात, त्या मी हलक्या ईव्हीए फोमच्या केल्या. फोमवरून हीट गन फिरवली की त्याची छिद्रं बंद होतात, मग प्रायमर आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक. थेट रंग लावला तर फोम तो पिऊन टाकतो. रबरी गोंद दोन्ही तुकड्यांना लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मगच जोडायचं. पावसाळ्यात तो नीट वाळत नाही, म्हणून मी चिकटवाचिकटवी ऑक्टोबरच्या उन्हासाठी राखून ठेवते.

कॉमिक कॉन या चाहत्यांच्या मेळाव्याला पोचले तर खांद्याचा पट्टा सुटला. एका अनोळखी मुलीनं मला बाजूला घेतलं, डबा उघडला. त्यात सुईदोरा, सेफ्टी पिना, सुपर ग्लू, विगला लावायच्या क्लिपा! पाच मिनिटांत तिनं मला उभं केलं, नाव न सांगता गेलीसुद्धा. तेव्हापासून तसा डबा माझ्याही बॅगेत असतो आणि दर वेळी कुणाच्या तरी उपयोगी पडतो.

निशिकासाई, टोकियो

डोंबिवलीच्या ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. इथल्या कोमिकेट या मेळाव्याला घरूनच वेश घालून यायला मनाई आहे. कपडे तिथे येऊन बदलायचे, फोटो नेमलेल्या जागेतच, तेही विचारून. नियम ऐकताना जाचक वाटतात, पण कॉसप्ले करणाऱ्यांना तिथे जो निर्धास्तपणा मिळतो तो त्यामुळेच.

कोमिकेट म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या, स्वतः छापलेल्या पुस्तकांचा बाजार. २१ डिसेंबर १९७५ला पहिला भरला तेव्हा ३२ गट होते आणि माणसं साधारण ७००. आता उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीस टोकियो बिग साइटमध्ये भरतो आणि गर्दी लाखांत मोजतात. मला भावलेली गोष्ट ही, की आयोजकांच्या लेखी तिथे कुणी गिऱ्हाईक नसतो. टेबलामागे बसलेला, रांगेत उभा असलेला आणि रांग लावणारा, तिघेही सहभागीच. रांगा लावणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, आणि कडाक्याच्या थंडीत किंवा ऑगस्टच्या उकाड्यात ते दिवसभर उभे असतात.

जाणाऱ्यांनी १०० आणि ५०० येनची नाणी आणि १००० च्या नोटा जवळ ठेवाव्यात, दहा हजाराची नोट पुढे करून समोरच्याची पंचाईत करू नये. आधी विचारून नमुन्याची प्रत चाळायची. मी घेतलेलं पहिलं पुस्तक मांगाही (जपानी चित्रकथाही) नव्हतं. एका वयस्कर गृहस्थांनी रेल्वेच्या जुन्या सिग्नलांवर लिहिलं होतं, आकृत्या हातानं काढलेल्या. त्यांनी ते दोन्ही हातांनी दिलं आणि मीही दोन्ही हातांनी घेतलं. इथे येऊन एवढी वर्षं झाली, पण या शहरात आपण कुणीतरी आहोत असं मला पहिल्यांदा त्या हॉलमध्ये वाटलं.

पुणे

मी जपानी शिकले. पुण्यात त्याचं विशेष कुणाला वाटत नाही, रानडे इन्स्टिट्यूटपासून गल्लीतल्या क्लासपर्यंत शिकणारे भरपूर. पण बाकीचे नोकरीसाठी आले होते आणि मी ‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूसाठी. मासाको नोझावा १९८६ पासून त्याचा आवाज देताहेत, त्यांचा जन्म १९३६ चा! तो आवाज मला खालच्या ओळी न वाचता ऐकायचा होता.

शिकणाऱ्यांना एक सांगते. मुलांसाठीच्या मांगात कांजीच्या, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांच्या, बाजूला बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो. जपानीच्या परीक्षेतल्या एन-फोर पातळीच्या सुमाराला तेच वाचायला घ्या. पाठ्यपुस्तकात जी कांजी आठवडाभर डोक्यात राहत नाही, ती भांडणाच्या प्रसंगात एकदा वाचली की पक्की. बोलणं मात्र वर्गातलंच ठेवा. लढाईच्या मैदानातली भाषा ऑफिसात चालत नाही.

नाशिक

मी टूडी अ‍ॅनिमेशन करते. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. जपानी मालिकांत पुष्कळदा एकच चित्र तीन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला आठ चित्रं. आठच चित्रांत माणूस जिवंत करायचा, तर प्रत्येक चित्र कुठलं निवडलं यालाच सगळी किंमत. हे कळल्यापासून मी शेवटची नामावली पूर्ण बघितल्याशिवाय उठत नाही.

१८ जुलै २०१९ला क्योटो अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओला आग लावली गेली, ३६ माणसं गेली. त्यात फुतोशी निशिया होते, ‘अ सायलेंट व्हॉइस’ या चित्रपटातली पात्रं ज्यांनी घडवली ते. ऐकू न येणारी शोको त्यात हातांनी बोलते. ते हात काढणं किती कठीण आहे हे मी स्वतः काढून बघितल्यामुळे जाणते: बोटं एकमेकांआड जातात, आणि चेहरा तेव्हा काहीतरी वेगळंच सांगत असतो. जगभरच्या चाहत्यांनी आणि संस्थांनी मिळून ३३० कोटी येनपेक्षा जास्त रक्कम पाठवली. आमच्या ग्रुपनंही जमेल तेवढी पाठवली. स्टुडिओ थांबला नाही, नवं काम येत राहिलं. मी ते बघते तेव्हा आधी नावं वाचते.

सातारा

मी नातीच्या नादानं आले यात. जानेवारी २०२५ मध्ये युगो साको यांचं रामायण थिएटरात लागलं, तिथे तिनं मला नेलं. जपानी आणि आपल्या राम मोहन यांच्या माणसांनी मिळून १९९२ मध्ये केलेला चित्रपट. कुंभकर्ण उठतो तो प्रसंग बघताना मी नातीचा हात घट्ट धरला होता. आता ती लावेल ते मी बघते, आणि रविवारी दोघी मिळून एकेक पात्र कागदावर उतरवतो.

रत्नागिरी

टोकियोच्या दादांना विचारायचंय. आमच्याकडे मेळावा वगैरे काही नाही. आम्ही तिघी मैत्रिणी एक गोष्ट काढतोय, मिऱ्या बंदरावरच्या एका मुलीची, मांगाच्या पद्धतीनं. पंचवीसेक पानं झालीत. झेरॉक्सवाल्याकडून पुस्तक करून घ्यायचं तर कसं करावं?

निशिकासाई, टोकियो

ताई, जरूर करा! मधोमध पिना मारणार असाल तर मुखपृष्ठ धरून पानांची संख्या चाराच्या पटीत हवी. पंचवीसची गोष्ट असेल तर अठ्ठावीस करा. पुढचं-मागचं मुखपृष्ठ आणि एक पान तुम्हा तिघींबद्दल. मराठी डावीकडून उजवीकडे वाचतात, म्हणून चौकटींचा क्रमही तसाच ठेवा, जपानी पद्धतीनं उलटा नको. मूळ चित्र छापायच्या आकारापेक्षा मोठं काढा, लहान करताना रेघ बारीक आणि स्वच्छ होते. शिवणीकडे बोटभर जागा मोकळी सोडा, नाहीतर संवाद घडीत जातील. आणि एक प्रत माझ्यासाठी ठेवा, टपालखर्च मी देतो.